सातासमुद्रांपलीकडचा कोकणी

२०२४ सालच्या मे महिन्यांत आम्ही उभयतां मुलाकडे अमेरिकेस गेलों, तेव्हां विमानतळावरून घरीं नेतांना मोटारींतच त्यानें आम्हांस एक वार्ता सांगितली. "बाबा, इथें कोकनी फार चांगला मिळतो. तुम्हांला एकदां नेईन." कोकणी माणूस 'मिळतो' हा प्रयोग आमच्या कानांस किंचित् खटकला, परंतु वॉशिंग्टन राज्यांत पंधरा वर्षें काढलेल्या मनुष्याच्या मराठीस एवढी सूट दिलीच पाहिजे, असें मनाशीं म्हणून आम्हीं विचारलें, "कुठला? मालवणचा कीं रत्नागिरीचा?" मागच्या आसनावर बसलेली आमची तेरा वर्षांची नात खो खो हंसूं लागली. "आजोबा, कोकनी म्हणजे मासा!"

मासा निघाला म्हणून आमची निराशा झाली, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. परमुलुखांत आपल्या गांवचा माणूस भेटल्यानें कोकण्याला जेवढा आनंद होतो, तेवढाच मासा भेटल्यानेंहि होतो. कांहीं माणसांच्या बाबतींत तर मासा भेटल्याचा थोडा अधिकच. खरी निराशा पुढच्या वाक्यानें झाली. हा मासा समुद्रांतला नव्हे, तळ्यांतला! आमच्या आजीच्या कोशांत मासा या शब्दाचा अर्थ समुद्रांत, किंवा फार तर खाडींत, राहणारा जीव एवढाच होता. त्यापलीकडे गोड्या पाण्यांत जें कांहीं पोहतें तें चिखलाच्या चवीचें असतें आणि घाटावरच्या लोकांनीं तें खुशाल खावें, असें तिचें मत असे. आम्ही स्वतः नोकरीनिमित्त चौतीस वर्षें घाटावर काढलीं, पण या एका मतापुरते आजीचेच नातू राहिलों.

घरीं पोंचल्यावर चौकशी केली. या माशाच्या नांवाचा आमच्या कोकणाशीं कांहीं एक संबंध नाहीं. त्या मुलुखाच्या अंतर्भागांत राहणाऱ्या सॅलिश लोकांच्या भाषेंतील एका शब्दावरून तें पडलें आहे. जातीनें हा सॉकाय नांवाचा सॅमन. सॉकाय ओढ्यांत जन्मतो, वर्ष दोन वर्षें तळ्यांत काढतो, मग समुद्रांत उतरतो, आणि तेथें दोन-तीन वर्षें चरून, मोठा होऊन, पुन्हां आपल्याच ओढ्यांत येऊन अंडीं घालतो व मरतो. कोकनी हा त्याचाच भाऊबंद. फरक एवढाच कीं तो समुद्रास जात नाहीं. हिमयुग सरतांना बर्फ वितळून जमीन वर-खालीं झाली, कित्येक तळ्यांचा समुद्राकडील मार्ग बंद पडला, आणि आंत राहिलेल्यांनीं तळ्यालाच समुद्र मानिलें. कांहीं ठिकाणीं तर मार्ग मोकळा असूनहि हे घरकोंबडे गेलेच नाहींत. समुद्राचें चरणें नाहीं म्हणून अंगानें लहान, बहुधा वीतभर ते हातभर, वजन पौंडाच्या आसपास. ओरेगन राज्यांतील वालोवा तळ्यांत २०१० सालीं साडेनऊ पौंडांहून मोठा कोकनी सांपडला, तो त्यांच्यांतला भीम. एरव्हीं रुपेरी दिसणारा हा मासा तिसऱ्या-चौथ्या वर्षीं, मरणाचा हंगाम आला कीं, रक्तासारखा लाल होतो, नराचें तोंड चोंचीसारखें वांकतें, आणि जन्मल्या ओढ्यांत तो शेवटचा चढतो. 'कोकणी, आणि समुद्राला पाठ फिरविलेला!' असें आम्ही त्या वेळीं हंसून म्हणालों. आमच्या कुटुंबानें आमच्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां ती आंत गेली. तिच्या त्या पाहण्याचा अर्थ पुढें येईल.

मुलाचें घर समामिश तळ्याजवळ आहे. रेडमंड, इसाक्वा या बाजूस संगणकाच्या उद्योगामुळें मराठी मंडळी इतकी झाली आहेत कीं तळ्याकांठच्या बागेंत संध्याकाळीं 'अहो, ऐकलंत का' अशी हांक आली तर चार पुरुष मागें वळून पाहतात. या तळ्यांतहि कोकनी आहे, आणि तो येथला मूळचा, कोणीं आणून सोडलेला नव्हे. परंतु त्याला धरण्यास बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. कांठाला घरें झालीं, ओढ्यांवर रस्ते आले, नळकांड्यांतून ओढे वाहूं लागले, उन्हाळ्यांत तळ्याचें पाणी वर तापूं लागलें व खालीं प्राणवायु उणा पडूं लागला. आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यांत अंडीं घालण्यास सगळे मिळून वीस मासेसुद्धां ओढ्यांत परत आले नाहींत. तेव्हांपासून तेथील मूळ रहिवासी जमाती, सरकारी खातीं आणि गांवकरी मिळून पिलें जगविण्याची खटपट करीत आहेत. म्हणून गळ टाकावयाचा तर उत्तरेस लेक स्टीव्हन्सला जावें लागे. हें तळें सुमारें हजार एकरांचें आणि मध्यभागीं दीडशें फूट खोल आहे, आणि कोकनीचीं पिलें तेथें सोडलीं जातात.

आतां वाहनाविषयीं. आमचा मुलगा मासे धरावयास जातो तो कयाकमधून. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक लांकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून एका माणसापुरती जी शिकारी होडी करीत, तिचें हें नांव आणि हा घाट. आजची कयाक प्लॅस्टिकची, रुंद, वर उघडी, आणि सायकलसारखीं पायानें फिरवून चालविण्याची. त्यामुळें हात मोकळे राहतात, आणि एंजिन नसल्यामुळें पाण्यावर आवाज होत नाहीं. मुलाजवळ एकासनी एक आणि द्व्यासनी एक, अशा दोन होत्या. द्व्यासनींत आम्ही आणि नात, एकासनींत तो, अशी त्यानें योजना केली होती.

पहिल्या रविवारीं आमचा गुडघा दुखत होता. दुसऱ्या रविवारीं सर्दी झाली होती. तिसऱ्या रविवारीं परवान्याची अडचण निघाली. तेथें मासे धरण्यास पंधरा वर्षांवरील प्रत्येकास परवाना लागतो. नातीस लागत नव्हता, आम्हांस सत्तराव्या वर्षीं लागत होता. या अन्यायावर आम्हीं जेवतांना एक छोटेंसें व्याख्यान दिलें. मुलानें तें शांतपणें ऐकून घेतलें, आणि त्याच रात्रीं आमच्या नांवें परवाना काढून टेबलावर आणून ठेवला.

खरें कारण गुडघ्याचें नव्हतें, सर्दीचें नव्हतें. आम्ही १९६६ सालानंतर होडींत बसलों नव्हतों.

कर्ली नदीची खाडी जेथें समुद्रास मिळते, तेथून कोसभर आंत आमचें गांव. आम्ही दोघे भाऊ. दादा पंधरा वर्षांचा, आम्ही बारांचे. 'आम्ही' हा शब्द आज आम्ही लेखकाच्या प्रौढीनें वापरतों. तेव्हां तो खरोखरीच अनेकवचनी होता. शेजारची डोण मागून घ्यावयाची, कोळंबी गळाला लावून तांबोशीसाठीं बसावयाचें, बहुधा शेंगटी घेऊन घरीं यावयाचें, असा क्रम असे. भाद्रपदांत गणपतींचें विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. रात्रभर पाऊस पडून नदी चढलेली, त्यांत ओहोटी लागलेली. मासा लागल्याच्या नादांत डोण किती खालीं गेली तें आम्हां दोघांनाहि कळलें नाहीं. मुखाशीं वाळू सांचून पाणी उथळ होतें आणि लाटा फुटतात, तेथें ती उलटली. दादानें आम्हांस उपड्या डोणीवर ढकललें आणि "घट्ट धर" म्हणाला. आम्हीं घट्ट धरलें. दुसरी लाट येऊन गेल्यावर पाहिलें तों तो तेथें नव्हता. आम्हांस कांठावरच्या गाबितांनीं काढलें. तो तिसऱ्या दिवशीं सांपडला.

यानंतर घरांत त्याचें नांव निघालें नाहीं. आईनें मासे करणें सोडलें नाहीं, खाणें मात्र सोडलें. आणि कां सोडलें हें तिला कोणीं विचारलें नाहीं. आम्हीं नोकरी मुद्दाम घाटावर घेतली. मुलगा कोल्हापुरास वाढला. त्यानें पोहण्याचा हट्ट धरला तेव्हां आम्हीं पोहूं दिलें नाहीं. तो तिशीनंतर अमेरिकेंत जाऊन पोहावयास शिकला, आणि ही गोष्ट त्यानें आम्हांस पत्रांतून कळविली ती थोड्या तिखटपणानें. काकाविषयीं त्यानें लहानपणीं एकदांच विचारलें होतें. तापानें गेला, असें आम्हीं सांगितलें. असत्य एकदां बोललें कीं त्याला जपावें लागतें, म्हणून सुटींतसुद्धां आम्ही गांवीं फार दिवस राहत नसूं. मुलाला मात्र आईजवळ ठेवून परत येत असूं.

तिसऱ्या रविवारच्या रात्रीं आम्ही पाणी पिण्यास उठलों असतां नात बापाला विचारीत होती, "आजोबा घाबरतो का?" तिच्या मराठींत सर्वांस एकवचन आहे; ईश्वराला चालतें तें आम्हांस चालावयास हरकत नाहीं. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाहीं. त्यांना मी आवडत नाहीं एवढंच." त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. चवथ्या रविवारीं पहांटे चार वाजतां आम्ही कपडे करून दिवाणखान्यांत बसलों होतों. आमचें कुटुंब दारापर्यंत आलें. "जपून" एवढेंच म्हणालें.

तळ्यावर पोंचलों तेव्हां पूर्वेस पिलचकचा डोंगर नुकता दिसूं लागला होता. पिलचक म्हणजे लाल पाणी, असें मुलगा म्हणाला. नातीनें आमच्या अंगांत तरंगतें जाकीट चढवून त्याचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. तेथला कायदा लहान होडींत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाच तें घालण्याची सक्ती करतो, मोठ्यांनीं जवळ बाळगलें म्हणजे पुरे. म्हणजे आम्हां दोघांपैकीं कोणासहि तें घालणें भाग नव्हतें. पण ती म्हणाली, "तीनांतला एक पट्टा सैल असला तरी मी निघणार नाहीं." शाळेंत तिला शिकविलें होतें तें तिनें आम्हांस शिकविलें. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनीं एक-दहा-एक असा हिशेब सांगितला आहे: बर्फासारख्या थंड पाण्यांत पडल्यास पहिलें एक मिनिट श्वास ताब्यांत आणण्याचें, पुढचीं दहा मिनिटें हातपाय कामाचे, आणि शुद्ध जाण्यास सुमारें एक तास. म्हणजे माणूस थंडीनें मरतो त्याच्या फार आधीं भांबावून बुडतो. आम्हीं हें सर्व ऐकून घेतलें. कर्लीचें पाणी ऊन होतें, आणि आमच्याजवळ जाकीट नव्हतें, एवढें मनांत आलें.

कोकनीला धरण्याची रीत मोठी विलक्षण आहे. हा मासा दुसऱ्या माशांस खात नाहीं, किडे फारसे खात नाहीं. पाण्यांतले सूक्ष्म जीव खातो. अशा मितभोजी प्राण्याला गळाकडे आणावयाचें कसें? तर चकाकणारी एक पत्र्याची पट्टी दोरावर बांधावयाची, तिच्यामागें वीतभर अंतरावर गुलाबी झालरीचा इवलासा गळ, आणि त्याला लसणाचा किंवा बडीशेपेसारख्या तेलाचा वास दिलेला पांढऱ्या मक्याचा दाणा. जन्मांत ज्यानें मका पाहिला नाहीं त्याला मका! अनुभवी लोक म्हणतात कीं तो भुकेनें चावत नाहीं, रागानें चावतो. आपल्या शांततेंत ही लुकलुकणारी ब्याद कोण आली म्हणून. असा स्वभाव आम्हीं कोकणांत पुष्कळ पाहिला आहे, तेव्हां नांवाचा संबंध नसला तरी रक्ताचा असावा अशी शंका आली. पाणी वर तापूं लागलें कीं तो खालीं थंडाव्यास जातो, म्हणून शिशाचें वजन लावून दोर चाळीस फूट सोडावयाचा, आणि माणूस रमतगमत चालेल त्याहूनहि हळू कयाक हांकावयाची, तीहि सरळ नव्हे तर नागमोडी. कारण वळतांना गळाची गति कमी-अधिक होते आणि मासा बहुधा तेव्हांच चिडतो.

मुलगा शेजारून चालला होता. आमच्याकडे न पाहतां, जणूं तळ्याला सांगावें तसा, तो माहिती सांगत होता. मॉन्टाना राज्यांतील फ्लॅटहेड तळ्याच्या वरच्या बाजूस १९६८ सालापासून कांहीं वर्षें माशांना खाद्य म्हणून बारीक कोळंबी सोडली. ती १९८१ सालीं फ्लॅटहेडमध्यें उतरली. ही कोळंबी दिवसा तळाशीं दडते आणि रात्रीं वर येऊन तेच सूक्ष्म जीव खाते. कोकनी डोळ्यांनीं पाहून दिवसा खाणारा. त्याला कोळंबी तर मिळाली नाहींच, उलट त्याचें ताट तिनें पुसलें. दहा वर्षांच्या आंत कोकनी संपला. १९८१ सालीं मॅकडोनल्ड ओढ्यावर त्या माशांसाठीं एका वेळीं ६३९ गरुड मोजले होते; १९८९ सालीं २५. कोकणांत आम्हीं कोळंबीनें मासे धरले. कोळंबीनें मासे मारल्याचें प्रथमच ऐकलें.

पहिला मासा आम्हीं घालविला. काठीचें टोंक थरथरलें, आणि साठ वर्षांपूर्वींच्या मनगटानें आपोआप झटका दिला. कोकनीच्या तोंडाची कातडी इतकी नाजूक कीं गळ ती फाडून निघाला. "आजोबा, ओढूं नको! नुसता फिरव," नात ओरडली. दुसऱ्या वेळीं आम्हीं नुसतें फिरविलें. काठी कमानीसारखी वांकली, मासा दोनदां पाण्याबाहेर उडाला, चांदीच्या पात्यासारखा, आणि कयाकखालून पलीकडे गेला. नात हातजाळें घेऊन पुढच्या आसनावरून वळली आणि काठावरून इतकी वांकली कीं कयाक त्या अंगाला कलली.

रुंद कयाक तेवढ्यानें उलटत नाहीं, हें आम्हांस मागाहून सांगण्यांत आलें. त्या क्षणीं आम्हीं काठी टाकून तिचें जाकीट दोन्ही हातांनीं धरलें आणि ओरडलों. तिचें नांव नव्हे. "दादा!" असें ओरडलों.

काठी दोरीनें बांधलेली होती, म्हणून ती आणि मासा दोन्ही राहिले. नातीनें मासा जाळ्यांत घेतला, पेटींत टाकला, आणि मग मागें वळून म्हणाली, "दादा कोण?"

आम्हीं सांगितलें. तिला कळेल अशा मराठींत, लहान लहान वाक्यांत. बहुधा म्हणूनच सांगतां आलें. डोण म्हणजे काय तें सांगावें लागलें, ओहोटी म्हणजे काय तेंहि. मुलाची कयाक हाताच्या अंतरावर होती. त्यानें पाय थांबविले होते, आणि वाऱ्यानें ती हळूहळू फिरत होती. नातीनें नांव विचारलें. नांवांत एक 'ळ' आहे; तो तिच्या जिभेस येत नाहीं. तिनें तीनदां म्हणून पाहिलें. अठ्ठावन्न वर्षांनीं तें नांव आम्हीं मोठ्यानें ऐकलें तें असें, चुकलेलें.

मुलगा म्हणाला, "ताप नव्हता, तें मला ठाऊक होतं. आजीनें सांगितलं होतं."

"केव्हां?"

"मी आठ वर्षांचा असेन. मे महिन्यांत. दर सुटींत सांगायची. तुम्ही गेलांत कीं."

आईस आम्हीं पुष्कळ वर्षें मुकी समजत आलों होतों. राग यावा कीं हायसें वाटावें हें ठरेना, आणि ठरण्याच्या आंत मुलाच्या काठीचें टोंक वांकलें, तेव्हां सर्वांचेंच लक्ष तिकडे गेलें. त्या दिवशीं दोन मासे मिळाले. धक्क्यावर मुलानें ते साफ केले. तेथले लोक डोकीं टाकून देतात. त्यानें तीं ठेवलीं. कालवणासाठीं असतील असें आम्हांस वाटलें.

घरीं आमच्या कुटुंबानें पिशवींतून आणलेलें आगळ काढलें, हळद-तिखट लावलें, रव्यांत घोळून तव्यावर टाकलें. आंतलें मांस केशरी निघालें. तळ्यांतल्या त्या सूक्ष्म जीवांच्याच रंगानें तें तसें होतें. चिखलाचा वास मुळींच नव्हता. आजीची क्षमा मागून आम्ही हें लिहून ठेवतों कीं मासा उत्तम होता, आणि बांगड्याहून फार कमी नव्हता.

वाढतांना सूनबाईनें विचारलें, "हीं डोकीं कुणाला?" मुलानें एक आपल्या पानांत घेतलें. "आजी मला वाढायची," तो म्हणाला. "काकाला आवडायचं म्हणे."

आम्हांस हें आठवत नव्हतें. आम्ही आठवूं लागलों. आणि मग चुलीपुढें बसून, डोक्यावरून भांडणारीं दोन मुलें दिसलीं, त्यांतल्या धाकट्याला डोकें कधींच मिळत नसे. दुसरें डोकें ताटांत तसेंच होतें. आम्हीं पान पुढें केलें.